खांदो हलूक व्हयो

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सिनेमे त्यांनी पुष्कळ पाहिले असतील, पण बोलायचे ते एकाच सिनेमाबद्दल, 1951 सालच्या 'अलबेला'बद्दल. तो कुठं पाहिला यावर घरात कधी एकमत झालं नाही. आबा म्हणायचे, जयहिंदला. मोठे काका म्हणायचे, नाही, भारतमातेला. आजी चुलीपुढून दोघांनाही गप्प करायची. "खंय बघल्यात ता ऱ्हवांदे, पाळी चुकवून बघल्यात ता सांगा."

पाळी चुकवली होती हे मात्र खरं असावं. आबांनी ते कधी नाकारलं नाही.

आमचं घर चाळीतलं, दहा बाय बाराची खोली आणि बाहेर सामाईक गॅलरी. त्या खोलीत आबा, आजी, दोन काका, लग्नाआधी आत्या, शिवाय गावाहून नोकरीला आलेला कुणी ना कुणी असायचाच. जेवणं पाळीप्रमाणे व्हायची. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, रविवारी मटण मिळालं तर मिळालं, नाहीतर काळ्या वाटाण्याचं सांबारं. मी हे सगळं सांगतेय ते माझ्या लहानपणचं, म्हणजे सत्तरच्या दशकातलं. 'अलबेला'च्या वेळचं घर मी आजीच्या आणि काकांच्या सांगण्यातूनच पाहिलंय. त्यामुळे कुठलं माझं आणि कुठलं ऐकलेलं, हे आता मलाही नीट वेगळं करता येत नाही.

'अलबेला'ची गोष्ट आबा सांगायचे ती अशी. प्यारेलाल हा गरीब घरातला मुलगा. नाटकाचं वेड. बहिणीच्या लग्नासाठी पैसे उभे करायचे तर ह्याच्याकडून ते होत नाही. बोलणी खाऊन तो घराबाहेर पडतो, आता मोठा कलाकार होऊनच परत येईन म्हणतो. शहरात आशा नावाची नटी भेटते, नशीब उघडतं, नाव होतं. तो घरी पैसे पाठवत राहतो आणि ते पैसे घरी पोचतच नाहीत, आपल्याच नात्यातला माणूस मधल्या मधे ते दाबतो. इथं आले की आबा थांबायचे. पुढची गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटत नसे.

मला फार उशिरा कळलं ते का थांबायचे. पिटात त्यांच्या आजूबाजूला बसलेला प्रत्येक माणूस पगार झाला की पोस्टात रांग लावून गावी मनीऑर्डर करणारा होता. गावात आई, बायको, भावाचं कर्ज, घराची कौलं. पैसे पोचले का, कुणाच्या हातात पडले, म्हातारीला त्यातलं काही दिसलं का, हा विचार डोक्यात घेऊनच ते साच्यावर उभे राहायचे. 'अलबेला'ला लोक नाच-गाण्यांचा सिनेमा म्हणतात. गिरणगावानं तो मनीऑर्डरीचा सिनेमा म्हणून पाहिला असं माझं ठाम मत आहे. रडून घेतल्यावर नाचायला मिळालं, म्हणून ते नाचणं अंगात मुरलं.

आणि ते नाचणं म्हणजे 'भोली सूरत' आणि 'शोला जो भडके'. दोन्ही राजेंद्र कृष्ण यांनी लिहिलेली, दोन्ही सी. रामचंद्र यांच्या चालीची, दोन्ही लता मंगेशकर आणि खुद्द सी. रामचंद्र यांनी गायलेली. गाताना ते 'चितळकर' एवढंच नाव लावत. पडद्यावर गीता बाली आणि मास्टर भगवान.

भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव. जन्म 1 ऑगस्ट 1913. वडील कापडगिरणीत कामाला, बालपण दादर-परळच्या वस्त्यांत. तालमीचं अंग. मूकपटांच्या शेवटच्या काळात ते सिनेमात शिरले आणि पुढं मारामारीचे, कमी खर्चाचे स्टंटपट काढत राहिले. सिनेमाचं सगळं काम त्यांनी हातानं शिकून घेतलं होतं. कष्टकरी वस्त्यांत त्यांच्या त्या स्टंटपटांचे प्रेक्षक ठरलेले होते, आमचे आबा त्यातलेच. मद्रासकडेही त्यांनी एक सिनेमा केला, 1941 सालचा 'वनमोहिनी', तमिळ भाषेतला. त्यात हत्तीचं मोठं काम होतं. 1942 साली त्यांनी जागृती पिक्चर्स काढली, 1947 साली चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभा केला. गिरणीकामगाराच्या मुलानं स्टुडिओ बांधला, या एका गोष्टीवर आबांच्या पिढीनं किती वर्षं मान ताठ ठेवली असेल!

पालव हे आडनाव ऐकल्यावर आबांना आणखी काही पुरावा लागायचा नाही. "आपल्याच बाजूचो माणूस तो." आमचं गाव कुडाळच्या पलीकडं. तिथं पालवांची घरं आहेत, एवढंच त्यांचं भांडवल. एकदा कुणी पाहुण्यानं शंका काढली तर आबा त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाहीत. भगवानदादांचं मूळ घराणं नेमकं कुठलं, यात मी शिरत नाही. आमच्या चाळीत ते आमचेच होते आणि त्यांच्यावर हक्क सांगायला तेवढं पुरेसं होतं.

आजीचा मात्र त्यांच्यावर एक राग होता. 1942 साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवारांना मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला लकवा भरला, डावा डोळा अधू झाला, आणि नायिका म्हणून नाव कमावलेल्या ललिताबाई पुढं आयुष्यभर खाष्ट सासू म्हणून ओळखल्या गेल्या. ही हकिकत तेव्हा सगळ्या बायकांना माहीत होती. आबा भगवानचं कौतुक करायला लागले की आजी भाकरी थापता थापता म्हणायची, "तिचो डोळो गेलो मां पण!" त्यावर आबांकडे उत्तर नसायचं. ते तंबाखूची डबी उघडायचे. येवल्याची ती बाई पडलेली असताना पुन्हा उभी राहिली, डोळा बारीक करून सगळ्या देशाला दरारा बसवला, याचा आजीला भगवानच्या नाचापेक्षा जास्त अभिमान होता. मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं.

पण गाणं सुरू झालं की आजीही काही म्हणायची नाही.

त्या गाण्यांत काय होतं, हे मला समजावलं आमच्या चाळीतल्या गोव्याच्या एका शेजाऱ्यांनी. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होते आणि मुंबईत आले तेव्हा आधी धोबीतलावच्या, गोवेकरांच्या एका कुडीत राहिलेले. ट्रंपेट वाजवायचे. लग्नाच्या मोसमात शनिवारी-रविवारी काळा कोट घालून निघायचे, येताना आम्हा पोरांसाठी कागदात बांधून केक आणायचे. त्यांच्याकडून चिक चॉकलेट हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं आणि ती खायची वस्तू आहे असं समजले. चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे नावाजलेले ट्रंपेटवादक, आणि सी. रामचंद्रांचे साहाय्यक. 'अलबेला'त ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. शेजारी म्हणायचे, तुम्ही हिरोकडे बघता, आम्ही मागं वाजवणारे कोण ते बघतो.

सी. रामचंद्र पुणतांब्याचे, नगर जिल्ह्यातले. रामचंद्र नरहर चितळकर. जवळच्या लोकांत अण्णा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रोक्त गाणं शिकलेला हा माणूस, मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजवत होता. भगवानदादांच्या 'सुखी जीवन'पासून, म्हणजे 1942 पासून, त्यांचं संगीतकार म्हणून नाव होऊ लागलं आणि दोघांची जोडी जमली ती कायमची. 'शोला जो भडके'साठी अण्णांनी बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा सगळा सरंजाम एकत्र बसवला. ही वाद्यं अशी एकत्र तोवर जास्त करून हॉटेलांत, साहेबांच्या क्लबांत वाजायची. दारावरचा पठाण गिरणीकामगाराला तिथं आत सोडणार नाही, अशी ती ठिकाणं. अण्णांनी आणि त्यांच्या गोव्याच्या मंडळींनी ती वाद्यं पिटातल्या बाकड्यांपर्यंत आणून पोचवली.

आणि गंमत अशी की बोंगोच्या तालावर बसवलेली ती चाल गुणगुणायला कुठंही अडत नाही. आजीला बोंगो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती जात्याच्या लयीत 'भोली सूरत' म्हणायची. चाल मोडायची नाही. अण्णांचा पाया देशी होता, वर इमारत हवी तशी रंगवलेली. पुढं 1963 च्या जानेवारीत दिल्लीला पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणणारं 'ए मेरे वतन के लोगो' याच माणसानं दिलं. पण आमच्या चाळीत अण्णा ओळखले जायचे ते खांदा उडवणाऱ्या गाण्यांवरून.

एक राहिलंच. 'अलबेला'तच 'धीरे से आजा' ही अंगाई आहे. आमच्या घरातली झाडून सगळी पोरं त्या चालीवर झोपलीत. शब्द अर्धे सिनेमाचे, अर्धे आजीचे. एका सिनेमातल्या एका गाण्यावर घरातले पुरुष नाचायचे आणि दुसऱ्यावर बाळं झोपायची, असा सिनेमा माझ्या माहितीत दुसरा नाही.

आजीची आवडती मात्र गीता बाली. आजीनं 'अलबेला' आबांबरोबर पाहिला नाही, ती शेजारणींबरोबर दुपारच्या खेळाला गेली, पोळपाट-लाटणं आवरून, डब्यात चुरमुरे घेऊन. गीता बाली नाचताना हसते ते खरं हसते, असं तिचं म्हणणं. ही पंजाबची मुलगी, मूळ नाव हरकीर्तन कौर. 1965 च्या जानेवारीत ती देवीच्या आजारानं गेली, पस्तिशीच्या आतच. आजीच्या दंडावर देवी काढल्याची खूण होती. ती दाखवून म्हणायची, "माका ह्यां भेटला, तिका नाय भेटला." माझ्या आईनं मला लस टोचून घ्यायला नेलं तेव्हा आजीनं गीता बालीची आठवण काढून मला गप्प केलं होतं, असं आई सांगते. मला फक्त हात दुखल्याचं आठवतं.

गाणी चाळीत आली कशी, हाही एक भागच आहे. ग्रामोफोन आमच्याकडे नव्हता. वरच्या मजल्यावर एका जॉबरकडे चावीचा फोनो होता आणि तबकड्या तो कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचा. सुई बदलायची तर तो हात धुऊन बसायचा. रविवारी सकाळी त्याचं दार उघडं असलं की गॅलरीत माणसं जमायची. इराण्याच्या हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सचं मोठे काका फार सांगतात, एक नाणं टाकायचं, एक चहा दोघांत घ्यायचा आणि पुढच्या टेबलावरच्या माणसानं आपल्या आवडीचं गाणं लावावं म्हणून वाट बघायची.

रेडिओवर मात्र 1952 नंतर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपले पुण्याचे, शास्त्रीय संगीतावर अपार श्रद्धा असलेले. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत. एक मराठी माणूस गाणी करत होता आणि दुसरा मराठी माणूस त्यांना दारात अडवत होता. पण लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. 1952 च्याच डिसेंबरात तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी संध्याकाळी अमीन सायानींचा आवाज घुमायला लागला. मग 1957 च्या 3 ऑक्टोबरला विविध भारती आली आणि सिनेमाची गाणी आपल्या रेडिओवर पुन्हा मानानं बसली. केसकरांमुळे अनेक थोर गवय्यांना आकाशवाणीवर स्थान मिळालं, त्याबद्दल त्यांचे उपकारच मानायला हवेत. गाण्यांच्या बाबतीत मात्र मी चाळीच्या बाजूची.

रेडिओ नव्हता त्या गावांत ही चाल कशी गेली, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ती भजनातून गेली. आमच्याकडे बुवा पेटी घेऊन बसला की सिनेमाची चाल आणि देवाचे शब्द यांची सोयरीक लावतो. मुंबईत गिरणीत असलेली मंडळी गणपतीला गावी यायची ती नवे कपडे, मुलांना पिपाण्या आणि नव्या चाली घेऊन. आबा पेटी वाजवत नसत, पण भजनातला चकवा, म्हणजे झांज, चांगला धरायचे. 'भोली सूरत'च्या चालीवर आमच्या वाडीत गजाननाचं एक पद होतं. ते कुणी जुळवलं ते आज कुणालाच माहीत नाही. मी लहानपणी ते इतक्यांदा ऐकलं की टीव्हीवरच्या छायागीतात गुरुवारी मूळ गाणं लागलं तेव्हा मी ओरडले, हे आपल्या गणपतीचं भजन यांनी घेतलं! घरातले हसले. वाडीतल्या म्हाताऱ्या मात्र शेवटपर्यंत माझ्याच मताच्या होत्या.

त्या भजनांच्या रात्री आठवल्या की तोंडाला चव येते. आरत्या संपल्या की पानं मांडायची, उसळ, खतखतं, मोदक पहिल्या दिवशी, मग रोज काही ना काही, आणि प्रत्येक घरी भजनाला गेल्यावर गूळ घातलेला काळा चहा. दोन बुवांच्या डबलबारीत समोरची बारी एखादी चाल उचलायची, इकडचा बुवा तिच्यावर दुसरे शब्द टाकायचा. 'अलबेला'च्या चाली तिथं टिकल्या कारण त्या पेटी-पखवाजावर बसतात. ज्या गाण्याला मोठा वाद्यवृंदच लागतो ते गाणं वाडीत येत नाही.

आता नाचाकडे येते, कारण खरं सांगायचंय ते त्याबद्दलच.

आबांनी आम्हा नातवंडांना दिलेलं नाचाचं शिक्षण एका वाक्याचं होतं. "पाय हलले नाय तरी चलात, पण खांदो हलूक व्हयो." भगवानदादांचा नाच नीट पाहिलात तर त्यात उडी नाही, गिरकी नाही, लवचिक कंबर नाही. गुडघे जरासे वाकलेले, एक हात वर, एक हात कमरेपाशी, पाऊल जागच्या जागी घसटतंय, खांदा तालावर उचलला जातोय, आणि चेहऱ्यावर अशी खुशी की जणू आजच बोनस हातात पडलाय. पोट सुटलेला, मान आखूड असलेला, तालमीत मेहनत केलेला माणूस जसा नाचेल तसा तो नाच. म्हणूनच पाळी संपवून आलेला, सुताच्या धुरळ्यानं छाती भरलेला माणूस तो नाचू शकला. त्याला जागा लागत नाही, गर्दीत दीड वितीत नाचता येतं. शिकवणी लागत नाही. वय आड येत नाही. शहरातल्या मिरवणुकीत माणसाला माणूस चिकटलेला असतो तिथं दुसरा कुठला नाच चालणार?

गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोवाल्यांनी ही गाणी उचलली, लग्नाच्या वरातीत ब्रास बँडनं उचलली. क्लॅरिनेटवर 'भोली सूरत' सुरू झालं की मागच्या रांगेत घोड्याबरोबर मुकाट चालणारे मामा-मावसेही हात वर करतात. अमिताभ बच्चनच्या नाचात भगवानदादांचा खांदा दिसतो, हे सिनेमावर लिहिणाऱ्या पुष्कळांनी लिहून ठेवलंय. गोविंदाचंही नाव घेतात. मला त्यात नवल वाटत नाही. हा नाच इतक्या गल्ल्यांतून गेला होता की जो कुणी लोकांसारखं नाचायचं ठरवेल त्याला तो तिथंच मिळणार.

आमच्या घरात पहिल्यांदा नाचलेली बाई म्हणजे आत्या. तिच्याच मुलाच्या लग्नात. तोवर बायकांचं नाचणं म्हणजे फुगडी, झिम्मा, गौरीची गाणी. वरातीत पुरुष नाचणार आणि बायका कडेला उभ्या राहणार. आत्या नऊवारीचा पदर खोचून मधे शिरली आणि खांदा उडवला. बेंजोवाल्यानं गाणं परत पहिल्यापासून धरलं. आजी खुर्चीवर बसली होती, तिनं कौतुकानं टाळी वाजवली, आणि बाकीच्या बायकांना परवानगी मिळाल्यासारखी झाली.

ही आत्या दादरला नायगावच्या बाजूला दिलेली. तिच्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक आहे.

'अलबेला'नं भगवानदादांना वर नेलं. स्टंटपट सोडून कौटुंबिक सिनेमा काढ, असा सल्ला त्यांना राज कपूरनं दिला म्हणतात, आणि तो लागू पडला. त्यांच्या जुहूच्या बंगल्याच्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळ्या गाडीच्या गोष्टी आबा सांगायचे तेव्हा वाटायचं, हे आबांचंच वैभव आहे. पुढं 'झमेला' आला, आणखी सिनेमे आले, पण तसं यश पुन्हा आलं नाही. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला एक सिनेमा पुरा झालाच नाही आणि त्यात फार पैसा बुडाला असं म्हणतात. स्टुडिओ गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा परत दादरला आले, लल्लुभाई मॅन्शनमध्ये, चाळीतल्या घरात. मिळतील ती छोटी कामं करत राहिले. कितीतरी सिनेमांत ते नुसते येतात, आपली ती दोन पावलं टाकतात आणि जातात. अण्णा चितळकर, राजेंद्र कृष्ण आणि ओमप्रकाश हे जुने मित्र मात्र त्यांना भेटायला चाळीत येत राहिले.

आणि गणपती यायचे. विसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या चाळीखाली थांबायच्या. बँड 'अलबेला'चं गाणं धरायचा आणि दादांनी आपला नाच करून दाखवेपर्यंत मिरवणूक पुढं सरकायची नाही. आत्या सांगायची, लोक वर बघून ओरडायचे, मोठं काही मागायचे नाहीत, फक्त दोन पावलं. मलाही एकदा काकांच्या खांद्यावर बसवून तिथं नेलं होतं म्हणे. मला गुलाल आठवतो, पेट्रोमॅक्सचा उजेड आठवतो, काकांच्या केसांचा तेलाचा वास आठवतो. दादा आठवत नाहीत. आत्या शपथेवर सांगायची की मी त्यांना पाहिलंय, आणि तिच्या शब्दावर मी आजवर लोकांना सांगत आलेय की मी भगवानदादांना नाचताना पाहिलं.

सगळं गमावलेल्या माणसाच्या दारात दरवर्षी देव थांबतो, आणि त्याच्याकडे मागतो ते त्याच्यापाशी अजून शिल्लक असलेलं एकच. मुंबईनं भगवानदादांना पैसा परत दिला नाही. पण त्यांचा मान राखण्याची ही रीत मुंबईनंच पाडली, कुठल्या सरकारनं नाही.

1982 हे साल आमच्या घरात कुणी सुखानं आठवत नाही. 5 जानेवारीला अण्णा चितळकर गेले. आबांनी पेपरातला फोटो कापून ठेवला. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगा थांबला, आणि भोंग्यावर दिवस मोजणारी माणसं पहाटे उठून नुसती बसून राहायला लागली. त्या वर्षी मंडळाला वर्गणी कुठून येणार? आमच्या गल्लीतल्या मंडळानं मूर्ती लहान केली आणि बेंजो सांगितला नाही. विसर्जनाला एक ताशा आणि दोन झांजा होत्या. निम्म्या वाटेवर कुणीतरी तोंडानंच 'भोली सूरत'ची चाल धरली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. आबा नाचले. तोवर त्यांना दमा लागला होता, श्वास पुरत नव्हता. पाय हलवले नाहीत, खांदा हलवला. काका आजही हे सांगताना मधे थांबतात आणि पाणी मागतात.

गिरणी पुन्हा आबांसाठी सुरू झाली नाही. ते गावी गेले आणि तिथंच राहिले.

भगवानदादा 4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या घरी गेले. 2016 साली त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी सिनेमा आला, मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली. आत्याला मी तो दाखवायला नेलं. ती म्हणाली, पोरगा चांगला नाचतो. बाहेर आल्यावर तिनं मला रिक्षा थांबवायला सांगितली आणि खाली उतरून चहाच्या टपरीपाशी खरा नाच कसा ते करून दाखवलं. टपरीवाला हसला नाही, त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता लग्नात संगीत नावाचा कार्यक्रम असतो, त्याला नाच बसवणारी मंडळी पैसे देऊन बोलावतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीच्या लग्नात अशीच एक तरुण मुलगी सगळ्यांना पावलं शिकवत होती. जुन्या गाण्यांच्या जुळणीत तिनं 'शोला जो भडके' घेतलं होतं. हात असा वर, खांदा असा, म्हणाली. मी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, हे असंच करतात, मावशी. तिचं काही चुकलं नाही. ज्याचा नाच सगळ्यांचा झाला त्याचं नाव मागं पडतं. पण मला ते पडू द्यायचं नाही. मी तिला खाली बसवलं आणि पालव, चितळकर, वाझ, गीता बाली, सगळी नावं सांगितली. तिनं फोनवर लिहून घेतली.

तुमच्याही घरात 'अलबेला' पिटात बसून पाहिलेलं कुणी असेल, तर ते आता नव्वदीच्या घरात असतील. त्यांच्यापाशी जाऊन बसा. कुठल्या टॉकीजात, कुणाबरोबर, तिकिटाचे पैसे कुठून आणले, येताना काय खाल्लं, ते विचारा. नीट आठवलं नाही तरी आठवेल तेवढं लिहून घ्या. आणि उठता येत असेल तर एकदा त्यांना नाचायला सांगा.